खांदा आखडलाय, हात पाठीमागे जातच नाही – फ्रोझन शोल्डर झालेल्यांनी जरा इकडे या

डावखुरा – ११ जून, रात्री ११:५२

मंडळी, झोप नाही म्हणून लिहितोय, आणि एकाच हाताने टाइप करतोय, त्यामुळे काना-मात्रा इकडेतिकडे झाल्या तर सांभाळून घ्या. वय ५१. अडीच महिन्यांपूर्वी डाव्या खांद्यात बारीक दुखायला लागलं. पडलो नाही, झडलो नाही, वजनं उचलली नाहीत (जिमचं तोंड बघून बारा वर्षं झाली). वाटलं कुशीवर वेडंवाकडं झोपलो असेन, जाईल चार दिवसांत. गेलं तर नाहीच, उलट आता रात्री असा ठणका लागतो की त्या कुशीवर वळलो रे वळलो की जाग, मग उशी पोटाशी धरून पलंगाच्या काठावर बसून राहायचं. दिवसा त्या मानाने बरं असतं, पण एखादी हालचाल नकळत झटकन होते, परवा टेबलावरून घसरणारा फोन पकडायला हात पुढे केला आणि जी सणक गेली ती थेट दंडापर्यंत, मिनिटभर जागच्या जागी उभा, डोळ्यात पाणी, फोन पडला तो पडलाच.

शर्ट चढवता येत नाही, पँटचा पट्टा मागच्या लुपातून ओवता येत नाही, मागच्या खिशातलं पाकीट आता पुढच्या खिशात. डॉक्टरांनी एक्सरे काढला, नॉर्मल. "फ्रोझन शोल्डर आहे, व्यायाम करा" म्हणाले आणि एक कागद दिला, झेरॉक्सची झेरॉक्स, त्यातला माणूस भिंतीशी नेमका काय करतोय हे देवालाच ठाऊक. मग ओळखीच्या एकाच्या सांगण्यावरून मालिश करणाऱ्याकडे गेलो, त्याने "जाम झालाय, मोकळा करतो" म्हणत हात धरून सरळ कानापर्यंत नेला. मी किती मोठ्याने ओरडलो ते सांगत नाही. पुढच्या तीन रात्री बसून काढल्या.

तर विचारायचं हे, की हे किती दिवस चालतं, हात हलवायचा की नाही हलवायचा, आणि तिसरं म्हणजे रात्री झोपायचं कसं? तिसऱ्याचं उत्तर आधी द्या.

सावकाश – १२ जून, सकाळी ६:१५

आलात का कंपूत! माझा उजवा झाला होता, पूर्ण सुटायला पावणेदोन वर्षं. घाबरवत नाहीये, पण चार आठवड्यांत बरं करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा एवढंच. झोपेचं: चांगल्या कुशीवर झोपा, दुखऱ्या हाताखाली छातीशी जाडसर उशी घ्या, हात त्या उशीवर आडवा पडला पाहिजे, खाली लोंबता कामा नये. उताणे झोपत असाल तर कोपराखाली टॉवेलची घडी ठेवा. उताणं झोपलं की कोपर गादीत खांद्याच्या मागे जातं आणि सांध्याचा पुढचा भाग ताणला जातो, ठणका तिथून सुरू होतो. मला हे कळायला चार महिने लागले होते.

शंकासुर – १२ जून, सकाळी ९:४०

एमआरआय काढल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका. एक्सरेत मऊ भाग दिसत नाहीत. माझ्या मेव्हण्याला पण असंच फ्रोझन फ्रोझन म्हणत होते, निघालं काय तर स्नायू फाटलेला. आणि डावा खांदा म्हणताय म्हणून विचारतो, ईसीजी काढलाय का?

डावखुरा – १२ जून, दुपारी १:०५

सावकाश, तुमच्या पायाचे ठसे कुठे मिळतील? कोपराखाली घडी ठेवून आत्ता दुपारी तासभर पडलो, एकदाही जाग नाही.

शंकासुर, ईसीजी मागच्याच महिन्यात ऑफिसच्या तपासणीत झालाय, ठीक आहे. पण तुम्ही एमआरआयचं डोक्यात घातलंत, आता तेच फिरतंय.

हाडाची_फिजिओ – १२ जून, रात्री १०:२०

या विषयावर लिहिलं नाही तर आयडी बदलावा लागेल, म्हणून लिहितेय. लांबलचक आहे, बसून वाचा.

डावखुरा, आधी एक करून बघा. उभे राहा, दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, हात काटकोनात पुढे, अंगठे वर. आता कोपर कमरेपासून जराही न सोडता दोन्ही हात दाराच्या झडपांसारखे बाहेर उघडा. चांगला हात साधारण ६० अंश किंवा त्याहून जास्त उघडेल. दुखरा किती उघडतो? मग घरातल्या कोणाला तरी तोच हात हळूच, अगदी हळूच, बाहेर न्यायला सांगा. तुम्हालाही नेता येत नाही आणि दुसऱ्यालाही नेता येत नाही, मध्येच भिंत लागल्यासारखं अडतं, असं असेल तर सांध्याचं वेष्टण आखडलंय. तुम्हाला स्वतःला येत नाही पण दुसऱ्याने धरून नेलं की आरामात जातो, तर स्नायूची किंवा कंडरेची (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीची) भानगड असू शकते, शंकासुरांच्या मेव्हण्यांसारखी. या एका चाचणीने आणि एका साध्या एक्सरेने बऱ्याचदा निदान होऊन जातं. एक्सरे कशाला, तर सांध्याची झीज झाली असेल किंवा सांधा सरकलेला असेल तरीही हात असाच बाहेर फिरत नाही, ते वगळायला. तुमचा नॉर्मल आलाय, म्हणजे ते काम झालंय.

एमआरआयबद्दल माझं मत कडक आहे. पन्नाशीनंतर ज्यांना काडीचंही दुखत नाही अशांच्याही खांद्यांत कंडरेला छोट्या चिरा सापडतात. पाठीचं तर विचारूच नका, ज्यांना पाठदुखी नाही अशा ३,११० लोकांच्या स्कॅनांचा एक मोठा आढावा २०१५ साली आला होता, त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या होत्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांच्या. न दुखणाऱ्यांच्या! रिपोर्टात मोठमोठे शब्द वाचून माणूस हात हलवायचाच घाबरतो, मग सांधा आणखी धरतो. पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, ताप, कारण नसताना उतरणारं वजन, आधी कॅन्सर झालेला असणं, खांद्याचा आकार बदलणं, आणि हात हलवला काय न हलवला काय दुखणं तसूभर बदलत नाही पण चालल्यावर किंवा जिना चढल्यावर वाढतं किंवा सोबत छातीत दडपण येतं, यातलं काही असेल तर मात्र इथे प्रतिसाद वाचत बसू नका, थेट डॉक्टर.

आता आत काय होतं ते. खांदा म्हणजे छोट्या बशीवर ठेवलेला मोठा चेंडू. चेंडू गळून पडू नये म्हणून भोवती वेष्टण असतं आणि ते मुद्दाम सैल असतं, सैल शर्टाला काखेत झोळ असतो ना, तसाच झोळ या वेष्टणालाही खाली असतो. हात वर नेला की झोळ उलगडतो. फ्रोझन शोल्डरमध्ये आधी या वेष्टणाला सूज येते, मग ते जाड होतं आणि आटतं. गरम पाण्यात धुऊन आटलेला शर्ट घालून हात वर करून बघा, तेच. एरवी सांध्यात जेवढं पाणी मावतं त्याच्या निम्मंही मग मावत नाही.

१९३४ साली कॉडमन नावाच्या सर्जनने याला फ्रोझन शोल्डर हे नाव दिलं, आणि त्यानेच लिहून ठेवलंय की हा आजार व्याख्येत बसवायला अवघड, उपचाराला अवघड आणि समजावून सांगायलाही अवघड. पुढे १९४५ मध्ये नेव्हियासर नावाच्या सर्जनने वेष्टणाकडे बोट दाखवलं. जपानीत तर याला सरळ 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात. होतोच मुळी ४० ते ६० च्या दरम्यान, बायकांना थोडा जास्त, आणि डायबेटिस असेल तर कितीतरी जास्त. डावखुरा, साखर कधी तपासली होतीत? फक्त उपाशीपोटीची नको, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) पण करा. थायरॉइडही करून टाका लगे हाथ.

किती दिवस? तीन टप्पे धरतात. पहिला दुखरा, काही महिने, रात्रीचा ठणका यातच. दुसरा आखडलेला, दुखणं कमी पण हात लाकडासारखा. तिसरा सुटण्याचा. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. थोडा ताठरपणा नंतरही राहू शकतो, पण बहुतेकांचं रोजचं काम अडत नाही. तुम्ही पहिल्यात आहात. पहिल्यात खेचाखेची करायची नाही हे पाटीवर लिहून ठेवा. त्या मालिशवाल्याने सुजलेलं वेष्टण ताणलं, म्हणून तीन रात्री गेल्या.

हलवायचा, पण लाडीगोडीने. टेबलाला चांगल्या हाताने धरून कमरेत वाका, दुखरा हात दोरीला बांधल्यासारखा लोंबू द्या, आणि हात नाही तर कंबर हलवा, पुढे मागे, गोल, हात आपोआप झुलेल. झुलवायचा नाही, झुलू द्यायचा. हा कॉडमनचाच व्यायाम. मग टेबलापाशी बसून हाताखाली रुमाल ठेवून पुढे सरकवा, जाईल तिथवर. दोन मिनिटं, पाच मिनिटं, पण दिवसातून चार-पाचदा. एकदाच तासभर घाम गाळण्यापेक्षा हे बरं. १० पैकी ३-४ इतकं दुखलं तर चालेल, पण थांबल्यावर ते अर्ध्या तासात उतरलं पाहिजे आणि रात्र बिघडली नाही पाहिजे. रात्र बिघडली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा.

कोपरखळी – १२ जून, रात्री १०:५८

वाचनखूण साठवली. ताई, झुलवायचा आणि झुलू द्यायचा यातला फरक मला आज कळला, मी वर्षभर हाताने विहिरीतून पाणी काढल्यासारखं करत होते.

शंकासुर – १३ जून, सकाळी ८:१२

ताई, आदर राखून. खेचू नका आणि हळूहळू हलवा, हे सांगायला फिजिओ कशाला लागतो? मशीन, शेक, अल्ट्रासाउंड हे सगळं मग काय आहे? पुरावा द्या.

हाडाची_फिजिओ – १३ जून, रात्री ९:३३

दिला. २००४ साली डीर्क्स आणि स्टीव्हन्स या डच मंडळींनी ७७ रुग्ण दोन वर्षं पाहिले. एका गटाला जोरदार फिजिओ, दुखेपर्यंत आणि दुखण्याच्या पुढेही ताणायचं. दुसऱ्या गटाला फक्त समजावून सांगणं, दुखणार नाही इतपत व्यायाम, आणि जमतील ती रोजची कामं. याला त्यांनी नाव काय दिलं, तर 'देखरेखीखालचं दुर्लक्ष'. दोन वर्षांनी दुर्लक्षवाल्यांतले ८९ टक्के जवळपास नॉर्मल, जोरवाल्यांतले ६३ टक्के. अभ्यास लहान होता आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे मी त्याची आरती करत नाही. पण खेचाखेच करणाऱ्याला माझ्या खोलीत येऊ देत नाही ते तेव्हापासून.

आणि 'दुर्लक्ष' शब्दावर जाऊ नका, 'देखरेख' त्याच्या आधी आहे. फिजिओ लागतो तो टप्पा कुठला ते ओळखायला आणि कधी जोर वाढवायचा ते सांगायला. मशीनबद्दल: शेकाने स्नायू सैल पडतात, व्यायामाआधी बरं वाटतं, घ्या. पण शेक घेऊन घरी जाणं म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. जिथे वीस मिनिटं मशीन लावतात आणि व्यायामाचं कोणी विचारतही नाही तिथे तुम्ही शेकायचे पैसे देताय.

टाचदुखे – १३ जून, रात्री ११:०१

अवांतर: लाडीगोडी सगळीकडे चालत नाही हां. माझी टाचेमागची कंडरा (अकिलीस) दोन वर्षं दुखत होती, विश्रांती घेतली की बरी, पळायला लागलो की परत. शेवटी बरी झाली ती वजन टाकूनच. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, चांगल्या पायाने वर जायचं आणि दुखऱ्या पायावर सगळा भार घेऊन टाच हळूहळू पायरीखाली न्यायची. १५ चे ३ संच गुडघा सरळ ठेवून, १५ चे ३ गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. याचा अभ्यास आल्फ्रेडसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरने १९९८ मध्ये छापला, त्याची स्वतःचीच टाच दुखत होती म्हणे. पहिले तीन आठवडे मी त्याला रोज शिव्या दिल्या.

हाडाची_फिजिओ – १४ जून, सकाळी ७:२०

टाचदुखे बरोबर बोलताहेत, आणि लोक इथेच चुकतात. कंडरेचं दुखणं आणि वेष्टणाचं दुखणं या दोन वेगळ्या जाती. कंडरेला भार लागतो, भार मिळाला नाही की ती आणखी लेचीपेची होते, थोडं दुखलं तरी चालतं. सुजलेल्या वेष्टणाला आधी शांत व्हायला वेळ लागतो. शेजाऱ्याला लागू पडलेला व्यायाम म्हणूनच तुम्हाला लागू पडेल याची खात्री नाही.

पोक्त_गुडघा – १४ जून, सकाळी १०:४५

धागा हायजॅक करतोय, माफी. वय ६३, गुडघे झिजलेत, बसून उठताना कटकट आवाज येतो. चालू की नको चालू? झीज वाढेल ना? जितके वापरू तितके झिजणार.

हाडाची_फिजिओ – १४ जून, रात्री ८:५०

काका, गुडघा म्हणजे गाडीचा टायर नाही. कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला) रक्तवाहिन्या नाहीत, दाब पडला की तिच्यातला द्रव बाहेर, दाब सुटला की आत, स्पंजसारखं, यातूनच तिला पोषण मिळतं. चाललं नाही तर कूर्चा उपाशी आणि मांडीचा स्नायू लुळा. दुखल्याशिवाय नुसता आवाज येत असेल तर येऊ द्या. खुर्चीतून हात न टेकता उठबस करा, दहादा, दिवसातून तीनदा, जमलं की खुर्ची बुटकी घ्या. वजन जास्त असेल तर एक किलो उतरवलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंच्या आसपास कमी होतो. बाकी यावर वेगळा धागा काढा, इथे खांदा चालू आहे.

डावखुरा – २६ जून, रात्री १०:१५

अपडेट. ताईंची चाचणी केली: चांगला हात सताड उघडतो, दुखरा जेमतेम १५ अंश, बायकोने नेला तरी १५ च, तिथे ठप्प. म्हणजे वेष्टणच.

दुसरी बातमी अशी की एचबीएवनसी ७.६ आली. पुन्हा केली, तेच. म्हणजे मला डायबेटिस आहे आणि तो कधीपासून आहे कोण जाणे, ना तहान ना चक्कर, खांद्याने चुगली केली. डॉक्टर म्हणाले असं होतं बऱ्याचदा. गोळी सुरू झालीये. ताई, तुम्ही विचारलं नसतंत तर मी अजून दोन वर्षं बेफिकीर असतो, दंडवत.

सावकाश – २७ जून, सकाळी ६:०५

वाईट वाटलं पण वेळेवर कळलं हे बरंच झालं. काळजी घ्या डावखुरे.

डावखुरा – १९ जुलै, रात्री १:३०

घोळ घातलाय. बरं वाटायला लागलं होतं म्हणून भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम सुरू केला, जिथे बोटं थांबतात तिथे पेन्सिलीने रेघ आणि तारीख. बायको म्हणते घरात वाढतं मूल नाही आणि भिंतीवर उंचीच्या रेघा. सोमवारची रेघ नाकाच्या पातळीला, मंगळवारची बोटभर वर, बुधवारची आणखी बोटभर, मग गुरुवारी काही झालं तरी वर जायचंच म्हणून खांदा उचलून, अंग वाकडं करून, दात खाऊन चार बोटं वर नेली. तेव्हापासून परत उशी आणि पलंगाचा काठ. आज शनिवार.

हाडाची_फिजिओ – १९ जुलै, सकाळी ७:००

रेघ रोज मारायला सांगितलं कोणी? आठवड्यातून एकदाच मारा, रविवारी, तीही खांदा कानाकडे न उचलता. तुम्ही वर नेलात तो सांधा नव्हे, फऱ्याचं हाड. आरशासमोर करा, चोरी लगेच दिसते. आता पाच दिवस फक्त झुलणं.

आणि झोप अशीच उडत असेल तर डॉक्टरांशी इंजेक्शनबद्दल बोला. तुमचा टप्पा त्यासाठी योग्य आहे.

शंकासुर – १९ जुलै, सकाळी ९:१५

स्टिरॉइड??? डायबेटिसच्या माणसाला? आणि माझ्या टेनिस एल्बोला (कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याला) दिलं होतं, महिनाभर मस्त, मग दुप्पट दुखलं. नका घेऊ.

हाडाची_फिजिओ – १९ जुलै, रात्री ९:१०

शंकासुर, आज तुम्ही अर्धे बरोबर आहात, नोंद घ्या. टेनिस एल्बो कंडरेचा आजार. तिथे स्टिरॉइडने सहा आठवडे झकास वाटतं आणि वर्षाने बघितलं तर काहीच न केलेले लोक इंजेक्शनवाल्यांपेक्षा बरे असतात, हे एकाहून अधिक अभ्यासांत दिसलंय. म्हणून एल्बोला मीही नको म्हणते. पण खांद्याच्या वेष्टणाला सुरुवातीला सूज असते आणि सांध्यात दिलेलं इंजेक्शन ती सूज उतरवतं. काही आठवडे ते काही महिने दुखणं कमी होतं आणि त्या खिडकीत व्यायाम करून घ्यायचा. वर्षाने बघितलं तर फार फरक उरत नाही हेही खरं. पण जो माणूस रात्री दीड वाजता रेघांबद्दल लिहितोय त्याला ते काही आठवडे सोन्याचे आहेत. आखडलेल्या टप्प्यात मात्र फारसा उपयोग नाही, सूज गेलेली असते, उरतं ते जाड झालेलं वेष्टण.

साखर काही दिवस वाढते, त्यामुळे डायबेटिसच्या डॉक्टरांना आधी कळवायचं आणि घरी मशीनवर मोजत राहायचं. लपवून घ्यायचं नाही.

डावखुरा – ९ ऑगस्ट, रात्री ९:४०

घेतलं. दोन दिवस साखर २६० च्या पुढे, मग आठवड्यात खाली आली. चौथ्या रात्री सलग सहा तास झोपलो, सकाळी उठल्यावर आधी वाटलं अलार्म बंद पडला. हात मात्र तेवढाच उघडतो, १५ चे २० झाले असतील. झुलणं, टेबल, आणि आता काठी: उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरायची, चांगल्या हाताने दुखऱ्याला हळूच बाहेर ढकलायचं.

कोपरखळी – २ डिसेंबर, दुपारी ३:२०

धागा वर काढतेय. माझा आता अजिबात दुखत नाही पण सहा महिने झाले, हात खांद्याच्या वर नाहीच. सर्जन म्हणताहेत भूल देऊन मोकळा करू किंवा दुर्बिणीतून वेष्टण कापू. काय करू?

हाडाची_फिजिओ – २ डिसेंबर, रात्री १०:३०

निर्णय तुमचा आणि त्यांचा, मी फक्त माहिती देते. २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला, ५०३ रुग्ण. तीन गट: भूल देऊन हात फिरवणं, दुर्बिणीतून वेष्टण कापणं, आणि इंजेक्शनसोबत पद्धतशीर फिजिओ. वर्षाने तिन्ही गट चांगले सुधारले आणि रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक कुणातच नव्हता. कापणाऱ्या गटात गंभीर गुंतागुंती जास्त, फिजिओच्या गटात पुढे आणखी उपचार लागणारे जास्त. म्हणजे घाई नसेल तर आधी फिजिओ नीट करून बघा, नोकरी किंवा काम अडलं असेल तर बाकीचे दोन्ही मार्ग काही पाप नाहीत. आणि तुमचा ठणका गेलाय म्हणजे तुम्हाला आता ताणायची परवानगी आहे. जे मी डावखुऱ्यांना जूनमध्ये करू दिलं नाही ते तुम्ही आता करायचं, ताण धरून अर्धा मिनिट थांबायचं, चार-पाचदा.

डावखुरा – १५ फेब्रुवारी, रात्री ८:०५

जानेवारीपासून काहीतरी सुटायला लागलंय. कुठल्या दिवशी ते सांगता येणार नाही. एके दिवशी पट्टा ओवला आणि दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की अरे, हा डाव्या हाताने ओवला. परत आत आलो, काढला, परत ओवला. बायको बघत होती, काही बोलली नाही.

हात आता बाहेर ४० अंश उघडतो. एचबीएवनसी ६.७. ताणाचा व्यायाम सुरू, शिवाय रबरी पट्टा ओढायचा, कारण दंड बघितला तर एका बाजूचा निम्मा झालाय असं वाटतं.

शंकासुर – १५ फेब्रुवारी, रात्री ८:४०

अभिनंदन. जाता जाता, माझी एल्बो पण बरी आहे. एक किलोचं वजन हळूहळू खाली सोडायचा व्यायाम केला. कोणी सुचवला ते सांगणार नाही.

हाडाची_फिजिओ – १५ फेब्रुवारी, रात्री ८:५५

:)

डावखुरा – २७ जुलै, संध्याकाळी ६:३०

तेरा-चौदा महिन्यांनी शेवटचा अपडेट. भिंतीवरची वरची रेघ आता माझ्या उंचीच्याही वर आहे, पंख्याची पाती डाव्या हाताने पुसली. पूर्ण नाही अजून: पाठीमागे अंगठा चांगल्या बाजूपेक्षा चार बोटं खाली अडतो आणि कोणी मागून हाक मारली की अजूनही आधी मान वळते, हात नाही. ताई म्हणतात तेवढं राहू शकतं किंवा जाईलही. दुसऱ्या खांद्यालाही होऊ शकतं असं वाचलं, त्याच खांद्याला परत होणं दुर्मीळ. म्हणून उजवा हात रोज सकाळी दारासारखा उघडून बघतो, उगाच.

नवा_आयडी_७ – ३ सप्टेंबर, रात्री २:१०

नमस्कार, पूर्ण धागा वाचला. मला तीन आठवड्यांपासून उजव्या खांद्यात दुखतंय, रात्री जास्त. हे तेच आहे का? झोप नाहीये.

डावखुरा – ३ सप्टेंबर, सकाळी ६:४०

कोपराखाली टॉवेलची घडी ठेवून आधी थोडं झोपून घ्या. उठलात की दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, अंगठे वर, हात बाहेर उघडा. दुखरा किती उघडतो ते इथे लिहा.